हेडसेटमधली रक्ताची पिशवी

व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर चढवल्यावर आभासी जग दाखवणारे, हेडसेट कॉलेजात आले तेव्हा सगळ्यात आधी चर्चा झाली ती कपाटाच्या किल्लीची. वस्तू महागाची, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झालेली, उद्या काही फुटलं-तुटलं तर जबाबदार कोण? स्किल लॅबमधल्या, म्हणजे सरावाच्या खोलीतल्या, कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट सांभाळल्या जातात आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी पुसून टेबलावर मांडल्या जातात, हे नर्सिंग कॉलेजात काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. हेडसेटचंही तेच होणार असं मी गृहीत धरलं होतं. किल्ली मात्र माझ्याकडे आली, कारण बाकी कुणाला ती नको होती, आणि मग ते रोज बाहेर निघायला लागले.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला ॲडल्ट हेल्थ नर्सिंग शिकवते. त्याआधी आयसीयूत होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात आला आणि वार्षिक पद्धत जाऊन आठ सेमिस्टर झाली. स्किल लॅब आणि सिम्युलेशन, म्हणजे खोटा पेशंट घेऊन खऱ्यासारख्या प्रसंगाचा सराव, आता अभ्यासक्रमातच लिहिलेलं आहे, त्यामुळे "आमच्याकडे वेळ नाही" म्हणायची सोय राहिलेली नाही. पण सिम्युलेशन म्हणजे व्हीआरच असं कुठेही म्हटलेलं नाही. व्यवस्थित चालवलं तर डमी, एक पलंग आणि पेशंट बनायला तयार असलेली एखादी विद्यार्थिनी यांच्यावरही उत्तम सिम्युलेशन होतं. मग व्हीआर कशाला, हा प्रश्न मलाही होता आणि त्याचं उत्तर मला विक्रेत्याच्या सादरीकरणात मिळालं नाही. ते वॉर्डात होतं.

वॉर्डात आमच्या मुली काय करतात ते पाहा. सकाळी पोस्टिंगला गेल्या की बेड करायचे, टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) आणि बीपी घेऊन चार्ट भरायचा, सॅम्पल लॅबला पोचवायचं, औषधांच्या वेळी सिस्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभं राहायचं. एका पेशंटभोवती सात-आठ जणी. पेशंट कुरकुर करतो, "शिकाऊ नको, मोठ्या सिस्टरला बोलवा." आणि खरोखरच काही बिघडलं, बीपी खाली गेलं, श्वास लागला, की पहिला आवाज येतो, "स्टुडंट्स, बाजूला व्हा!" ते बरोबरच आहे. पेशंटचा जीव मुलींच्या अभ्यासासाठी टांगणीला लावायचा नसतो. पण याचा परिणाम असा, की चार वर्षांत मुलगी संकटाच्या जवळ उभी असते, संकटात कधीच नसते. प्रत्येक वेळी तिच्या मागे ट्यूटर असते, ट्यूटरच्या मागे इन-चार्ज सिस्टर असतात. पास होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडतं आणि एखाद्या खाजगी हॉस्पिटलात तिची पहिली नाइट लागते. अख्खा मजला, एक मावशी, फोनवर झोपाळलेले डॉक्टर. तिथे मागे वळून बघितलं तर कुणीही नसतं.

हे रिकामपण आम्हाला शिकवता येत नव्हतं. हेडसेटमध्ये ते येतं.

सुरुवातीचे दिवस अर्थातच वेगळ्याच गोष्टींत गेले. कंपनीकडून आलेल्या मुलाने तासाभरात सगळं दाखवलं आणि तो निघून गेला. त्याच्या डोक्यात एक मोठी मोकळी खोली, जोरदार वायफाय आणि मोकळे केस असलेली माणसं होती. आमच्याकडे बाकांची खोली, जिन्यापाशी दम सोडणारं वायफाय आणि युनिफॉर्मच्या नियमाप्रमाणे मानेवर घट्ट अंबाडा घातलेल्या मुली. हेडसेटचा पट्टा नेमका अंबाड्यावर येतो. वर घेतला तर हेडसेट नाकावर घसरतो, खाली घेतला तर मान दुखते. शेवटी सिम्युलेशनच्या दिवशी अंबाड्याऐवजी वेणी चालेल, अशी प्राचार्यांकडून रीतसर परवानगी घेतली. व्हीआर शिक्षणावरच्या कुठल्याही पुस्तिकेत ही गोष्ट नसेल, पण आमचा वेळ तिने वाचवला.

बाक काढून भिंतीला लावले. जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखला, कारण यंत्राला आपली हद्द आखून दिलेली असली तरी मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी ती आधी दिसलेली बरी. तरीही प्रत्येकीजवळ एक मैत्रीण उभी ठेवतो. चौकोनात हात पुढे करून चाचपडणारी मुलगी आणि बाजूने "अगं, भिंत भिंत!" असं ओरडणारी मैत्रीण, हा सगळा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला आंधळी कोशिंबीर वाटतो, आणि आमच्या शिपाईमामांनी तसं बोलूनही दाखवलं.

मळमळ हा खरा त्रास. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण जागेवरच आहोत. हे भांडण काहींच्या पोटात उतरतं. त्यावर दोन-तीन उपाय लागू पडले. हेडसेटमध्ये घसरत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारायची सेटिंग ठेवली. दोन भिंगांमधलं अंतर प्रत्येकीच्या डोळ्यांप्रमाणे जुळवलं. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण सरासरी म्हणजे प्रत्येकीचं नव्हे, आणि ते चुकलं की दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. तिसरं म्हणजे उपाशीपोटी आलेल्या मुलीला आधी नाश्ता करायला पाठवतो. होस्टेलच्या मुली चहा-बिस्किटावर अकरा वाजेपर्यंत काढतात, हे मला यानिमित्ताने कळलं. दोघी-तिघींना कशानेच बरं वाटलं नाही. त्यांना खुर्चीत बसवून, हेडसेटमधलं जे भिंतीवरच्या टीव्हीवर दिसतं त्यावरून निर्णय घ्यायला लावतो. त्यांचं शिकणं त्याने अडलेलं नाही.

स्वच्छतेचं आम्हा नर्सेसना सांगायला नको, पण स्पिरिटचा बोळा दिसेल तिथे फिरवायची आमची सवय इथे महागात पडू शकते. चेहऱ्याला लागणारा भाग प्रत्येकीनंतर पुसायचा, भिंगाला मात्र स्पिरिट अजिबात लावायचं नाही, कोरडं मऊ कापड. कपाटाच्या दारावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

मुलींच्या आधी आम्ही ट्यूटरांनी हेडसेट घातले. पेशंट समोर दिसला आणि माझा हात आपोआप त्याच्या मनगटाकडे गेला, नाडीवर तीन बोटं ठेवायला. बोटांना काही लागलंच नाही. आकडा मात्र हवेत दिसला, ८८. इतकी वर्षं नाडी बघितलेल्या माणसाला हे फार विचित्र वाटतं. नाडी म्हणजे नुसता आकडा नाही, ती भरलेली आहे की दोऱ्यासारखी बारीक, हातपाय गार आहेत का, तळव्याला घाम आहे का, हे सगळं त्या तीन बोटांतून कळतं. माझ्याबरोबरच्या एक ज्येष्ठ मॅडम हेडसेट काढून म्हणाल्या, "यात हाताला काहीच काम नाही." पूर्ण खरं आहे, आणि आमची पुढची सगळी आखणी या एका वाक्यावर उभी राहिली.

नर्सिंग शिकवायला खोटा पेशंट वापरणं ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलसाठी १९११ मध्ये मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाएवढी बाहुली करून दिली. 'मिसेस चेस' याच नावाने ती ओळखली गेली. पेशंटला कूस कशी बदलवायची, कपडे कसे बदलायचे, हे तिच्यावर शिकवत. १९६० मध्ये नॉर्वेच्या ऑसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याची 'रेस्युसी ॲन' आली. तिच्या छातीवर दाब देऊन जगभरातली माणसं सीपीआर शिकली, आमच्या लॅबमधल्या डमीचं खानदानही तेच. या बाहुल्यांनी हात शिकवले. हेडसेटला ते जमत नाही. मोठ्या माणसाच्या सीपीआरमध्ये छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची असते, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, आणि हवेत हात दाबून ती खोली कुणाच्याही मनगटात उतरणार नाही. म्हणून सीपीआर, कॅथेटर, सलाईन लावणं, इंजेक्शन हे सगळं आम्ही डमीवर आणि रबरी हातावरच ठेवलं. ज्यात लक्ष ठेवणं, ओळखणं, ठरवणं आणि हाक मारणं आहे तेवढंच हेडसेटमध्ये घेतलं.

त्यातला सगळ्यात कसोटीचा प्रसंग रक्त चढवण्याचा. पाठ सगळ्यांना असतो. पिशवी ब्लड बँकेतून आल्यावर अर्ध्या तासात सुरू करायची, चार तासांत संपवायची, पहिली पंधरा मिनिटं हळू ठेवायची आणि पेशंटजवळून हलायचं नाही, रिॲक्शन आली की आधी रक्त बंद. परीक्षेत हे लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळतात. पण चुकीच्या गटाच्या रक्ताची रिॲक्शन आपल्या डोळ्यांदेखत सुरू होताना बघितलेली विद्यार्थिनी क्वचितच असेल, आणि बघितलेली नसावी हेच पेशंटच्या दृष्टीने बरं.

सॉफ्टवेअरमधला पेशंट इंग्रजी बोलतो, तेही नाकातलं. तो आवाज बंद करून ट्यूटरला माइकवरून बोलायची सोय आहे, ती मी पहिल्या आठवड्यातच शोधून काढली. तेव्हापासून आमचा पेशंट अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचा आहे.

त्या दिवशी सांगोल्याची एक मुलगी आत होती, वर्गात कायम पहिल्या दोघींत. हँडओव्हर दिला: बावन्न वर्षांचे गृहस्थ, हिमोग्लोबिन ६.४, एक पिशवी पॅक्ड सेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी, द्यायची आहे. तिने हात धुतले, पिशवीवरचा नंबर, गट, एक्स्पायरी बघितली, क्रॉसमॅचच्या, म्हणजे रक्त जुळवून बघितल्याच्या, कागदाशी ताडली. शेजारी दुसरी नर्स उभी असते, कारण ही तपासणी दोघींनी मिळून करायची असते. मुलीने तिला विचारलंच नाही, तशीच पुढे गेली. पेशंटचं नाव पेशंटलाच विचारायच्या ऐवजी बेडवरच्या पाटीवर वाचलं. तापमान, नाडी, बीपी लिहून घेतलं, रक्त सुरू केलं, थेंब मोजून हळू ठेवले. मग टेबलापाशी जाऊन पाठ करून चार्ट भरायला लागली.

मी माइकवर म्हटलं, "सिस्टर, थंडी वाजायलीय ओ."

"हो काका, पांघरूण देते," ती मागे न बघता म्हणाली, आणि खरंच पांघरूण शोधायला लागली. सॉफ्टवेअरमध्ये पांघरूण नाही. कपाट उघडेना, तरी ती खटपट करत राहिली. "कंबर लई दुखायलीय ओ," मी म्हटलं. मॉनिटरवर नाडी ११८. तिने थर्मामीटर घेतला, १०१. आता ती थांबली. आणि मग तिने जे केलं ते टीव्हीवर बघत बसलेल्या सगळ्या वर्गाने बघितलं: ती उजवीकडे मागे वळली. वॉर्डात मी नेमकी तिथेच उभी असते. हेडसेटमध्ये तिथे ऑक्सिजनचं पॅनल आणि भिंत होती.

"मॅडम?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं नाही, असं आम्ही ट्यूटरांनी आधीच ठरवून घेतलेलं आहे. शिकवायची सवय असलेल्या माणसाला तोंड बंद ठेवणं किती जड जातं ते त्या खोलीत कळतं. बीपी ९० वर ६० झालं. पेशंटला हुडहुडी भरली. वर्गातून कुणीतरी कुजबुजलं, मी हातानेच गप्प केलं. मग तिचा हात नळी बंद करायच्या रोलर क्लॅम्पकडे गेला आणि रक्त बंद झालं. पुढचं सगळं भराभर: दुसऱ्या नर्सला हाक, डॉक्टरांना फोन, सलाईन चालू. सलाईन मात्र तिने त्याच सेटला, म्हणजे रक्ताच्याच नळीला, जोडलं.

प्रसंग जेमतेम दहा मिनिटांचा होता. त्यावरचं बोलणं त्याच्या दुप्पट चाललं, आणि ते तसंच चालायला हवं. हेडसेट काढून सगळ्या जणी खुर्च्या गोल करून बसतात. आधी फक्त कसं वाटलं ते. चूक-बरोबर नंतर. बोस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनने रूढ केलेलं एक गृहीतक आम्ही सुरुवातीलाच मोठ्याने वाचतो. त्याचा आशय असा की इथली प्रत्येक जण हुशार आहे, तिला चांगलं काम करायचं आहे आणि अजून चांगलं व्हायचं आहे. आपल्याकडे चूक झाली की सगळ्यांसमोर उभं करून विचारायची पद्धत जुनी आहे. मी स्वतः तशाच वॉर्डांत तयार झाले. ती पद्धत या गोलात आणली तर पुढच्या वेळी कुणीही हेडसेट घालायला पुढे येणार नाही.

"हात गार पडले होते मॅडम," ती म्हणाली. मी विचारलं, "पांघरूण शोधत होतीस तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?" ती जरा थांबून म्हणाली, "वॉर्डात पेशंट थंडी वाजते म्हणाला की आम्हाला ब्लँकेट द्यायलाच सांगतात."

मला त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे वाटलं. तिला रिॲक्शनची लक्षणं तोंडपाठ होती. पण पाठांतर वहीत होतं आणि हाताला लागलेली सवय वॉर्डातली होती, कामं उरकायची. थंडी म्हणजे ब्लँकेट, दुखतंय म्हणजे सिस्टरला सांगायचं. रक्त चालू असताना वाजणारी थंडी ही वेगळी थंडी आहे, हे तिच्या मनात जोडलंच गेलं नव्हतं. लेक्चरमध्ये हे कधी उघडं पडलं नसतं.

मग दुसऱ्या मुलीने सेटचा मुद्दा काढला. पिशवी बंद केली तरी नळीत रक्त उरलेलंच असतं. तोच सेट वापरून सलाईन सोडलं की ते उरलेलं आधी पेशंटच्या अंगात जातं. नवा सेट का, याचं कारण तोपर्यंत बऱ्याच जणींनी नुसतं लिहिलेलं होतं. आता रबरी हातावर, खऱ्या सेटने, लाल रंगाचं पाणी घेऊन लगेच करून बघितलं. क्लॅम्प बंद केल्यावर नळीत किती लाल राहतं ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. हेडसेट आणि डमी एकाच टेबलावर हवेत ते यासाठी. पिशवी सेटसकट ब्लड बँकेला परत पाठवायची, रक्ताचं आणि लघवीचं सॅम्पल घ्यायचं, हेही तिथेच झालं.

सॉफ्टवेअरने तिला त्या दिवशी ८२ टक्के दिले होते. हात धुतले, पिशवी तपासली, व्हायटल्स घेतले, डॉक्टरांना कळवलं, सगळ्यावर बरोबरच्या खुणा. पहिल्या तक्रारीपासून रक्त बंद होईपर्यंत चार मिनिटांच्या वर गेली होती, आणि तेवढ्या वेळात पेशंटच्या अंगात काय काय गेलं हे त्या टक्क्यांत कुठेच नव्हतं. मी तो आकडा मुलींना दाखवणं बंद केलंय. व्यवस्थापनाला तो आवडतो, तक्त्यात छान दिसतो.

आणखी एक आकडा विक्रेते हमखास ऐकवतात. अमेरिकेच्या नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंगने दहा नर्सिंग कॉलेजांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी मुलींच्या ज्ञानात आणि कौशल्यात फरक पडला नाही. म्हणजे वॉर्डाचे तास निम्मे करा, हेडसेट घ्या, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला जातो. पण तो अभ्यास हेडसेटचा नव्हता. त्यात डमीवरचं आणि माणसांनी पेशंट बनून केलेलं सिम्युलेशन होतं, आणि शिक्षकांना चर्चा घेण्याचं खास प्रशिक्षण दिलेलं होतं. ती अट सांगायचं विक्रेते विसरतात. वॉर्डाचा एक तासही मी यासाठी कापून देणार नाही.

वर्गातल्या मुलग्यांचं एक निरीक्षण सांगते. मोबाइलवर गेम खेळून त्यांना बटणं चटकन कळतात, हेडसेट घातल्याबरोबर सराईत वाटतात. पण तेच मुलगे पेशंटशी बोलायचं विसरतात. जणू लेव्हल पार करायची आहे. एकाने सगळं अचूक आणि वेळेत केलं, पण पेशंटला एका शब्दाने विचारलं नाही. म्हणून मी माइकवर म्हटलं, "ओ ब्रदर, काय चालवलंय माझ्या हाताला?" तर तो दचकून हेडसेट काढूनच उभा राहिला. आता हा संवाद मी मुद्दाम ठेवलाय.

खर्चाचं थोडक्यात. हेडसेट आता चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतो, आणि बोलणारी-श्वास घेणारी महागडी डमी लाखांत जाते, हे खरं. पण हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स दर वर्षी भरावं लागतं, आणि ज्या वर्षी ते भरलं नाही त्या वर्षी हेडसेट परत कपाटात. घेण्याआधी हे लेखी विचारा.

मध्यंतरी मेडिसिन वॉर्डात एक गंमत झाली. आमच्या एका मुलीला खऱ्या पेशंटच्या रक्ताजवळ उभं केलं होतं. इन-चार्ज सिस्टरांनी तिला सॅम्पल घेऊन लॅबला जायला सांगितलं. ती म्हणाली, "सिस्टर, पंधरा मिनिटं झाली नाहीत अजून." सिस्टर चिडल्या. नियम त्यांना माहीत नाही असं नाही, पण वॉर्डात त्या एकट्या, मामा रजेवर, आणि सॅम्पल कोण नेणार? संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, "काय शिकवता हो पोरींना, उलट बोलतात." मी वाद घातला नाही. म्हटलं, "या एकदा, बघा तरी."

आल्या, हेडसेट घातला, अजिबात मळमळ वगैरे झाली नाही. मान फिरवून सगळा वॉर्ड बघितला आणि आतूनच बोलायला लागल्या. "हा कसला वॉर्ड? एका खोलीत एकच पेशंट? नातेवाईक कुठेत? पेशंट थंडी म्हणाला की आधी त्याचा भाऊ ओरडत येतो. त्याच वेळी शेजारच्या बेडचं सलाईन संपतं, फोन वाजतो, आणि ॲडमिशन दारात उभी असते. यातलं काहीतरी घाला की." मी वही घेऊन लिहीत होते. हेडसेट काढल्यावर त्यांनी स्वतःहून आणखी दोन गोष्टी सांगितल्या: ब्लड बँकेचा फोन पहिल्यांदा कधीच लागत नाही, आणि डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न "बीपी किती?" हाच विचारतात, त्यामुळे बीपी न घेता फोन करणाऱ्या मुलीला तिथेच अडकवा.

पुढच्या बॅचला तो भाऊ त्याच होणार आहेत, दर बुधवारी, त्यांची सेकंड शिफ्ट सुरू व्हायच्या आधी. शेजारच्या बेडच्या संपलेल्या सलाईनचं सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवायचं ते अजून जमलेलं नाही, तोवर सलाईन संपल्याची घंटी मी मोबाइलवरूनच वाजवते.